तीन तासांची एस.टी. आणि तीस दिवसांचा मुक्काम

2002 साली हैदराबादच्या विमानतळावर लातूरचा एक मुलगा आणि मुंबईची एक मुलगी पहिल्यांदा भेटली. मुलगा आर्किटेक्चर शिकलेला, वडील राज्याचे मुख्यमंत्री. मुलगी मंगळुरी कॅथलिक घरातली, मुंबईत वाढलेली, अजून शिकणारी. दोघांना एकाच सिनेमासाठी बोलावलं होतं. मुख्यमंत्र्याचं पोरगं म्हणजे माजलेलंच असणार, मागेपुढे बंदूकवाले असणार, असा मुलीचा पक्का समज. त्याने तोरा दाखवायच्या आत आपणच दाखवावा, म्हणून तिने त्याच्याकडे धड पाहिलंही नाही. मुलगा आपला एकटाच उभा होता, बंदूकवाला कुणी नव्हता. ही हकीकत रितेश देशमुख आणि जेनेलिया यांनी पुढे इतक्या मुलाखतींतून सांगितली आहे, की आता ती महाराष्ट्राला तोंडपाठ झाली आहे.

तो सिनेमा ‘तुझे मेरी कसम’. रामोजी रावांच्या उषाकिरण मूव्हीजचा, 3 जानेवारी 2003 ला लागलेला. त्याची गोष्ट आधी मल्याळममध्ये ‘निरम’, मग तेलुगूत ‘नुव्वे कावाली’ असा मुक्काम करत हिंदीत पोचली होती. सिनेमा येऊन गेला, मैत्री राहिली, तिचं प्रेम झालं, आणि 3 फेब्रुवारी 2012 ला मराठी पद्धतीने, दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये लग्न लागलं. बाभळगावच्या देशमुखांच्या घरात डिसूझांची लेक सून म्हणून आली आणि बघता बघता अख्ख्या महाराष्ट्राची ‘वहिनी’ झाली. 2022 च्या डिसेंबरात या दोघांचा ‘वेड’ हा सिनेमा आला तेव्हा लातूर-नांदेडच्या थिएटरांत पोरापोरींनी शिट्ट्या मारल्या, आणि त्यांच्या आयांनीही पदराने डोळे पुसले. वाण्याच्या, मराठ्याच्या, बौद्धाच्या, मुसलमानाच्या, सगळ्यांच्याच आयांनी. घरी जाऊन मात्र त्यांतल्या किती जणींनी पोरीला विचारलं असेल, की तुझं असं कुठं काही आहे का?

मला या गोष्टीत जागेचं महत्त्व वाटतं. दोन उलट्या स्वभावाची, उलट्या घरांची माणसं प्रवासात एकमेकांवर आदळली आणि जुळली, ही जगभरच्या तरुण प्रेमकथांची आवडती सुरुवात आहे. पण विमानतळावर सगळेच परके असतात. आडनाव बोर्डिंग पासवर असतं आणि तो पास खिशात असतो. आमच्या नांदेड-लातूर एस.टी.त शेजारच्या माणसाला ते तिकीट फाटायच्या आधी कळलेलं असतं.

‘कुठं चाललाव?’ ‘लातूरला.’ ‘मूळ गाव?’ ‘कंधारकडं.’ ‘कंधारात कुठलं?’ गावाचं नाव. ‘मग तिथले पाटील तुमचे कोण?’ इथे कोणी नाहीत म्हटलं तरी उत्तर मिळून जातं, आणि पाहुणे आहेत म्हटलं तरी मिळतं. जात विचारायची गरजच पडत नाही. चार प्रश्नांत ती आपोआप पुढ्यात येऊन बसते. विचारणाऱ्याच्या मनात वाईट असतं असं नाही. लगेच तो पिशवीतून पेरू काढून देईल, खिडकीची जागा देईल, लातूरला उतरल्यावर रिक्षावाल्याशी भाडं ठरवून देईल. पण पुढल्या सीटवर बसलेली मुलगी आणि तिच्या बाजूला उभा असलेला मुलगा एकाच गावचे नाहीत, एकाच घरातले तर नाहीतच, हेही त्याने तोवर हेरलेलं असतं.

हा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 361. नांदेड, लोहा, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर, लातूर. दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर, एस.टी.ला तीनेक तास. रेल्वेने जायचं तर पूर्णा, परभणी, गंगाखेड, परळी, लातूर रोड असा भलामोठा वळसा पडतो. लोह्यावरून थेट रूळ टाका ही मागणी जुनीच आहे. म्हणून या दोन शहरांतली तरणी पोरं रस्त्यावर भेटतात, रुळावर कमी.

शहरंही एकमेकांच्या उलट स्वभावाची आहेत. नांदेड गोदावरीकाठचं, सचखंड गुरुद्वाऱ्याचं, बोलण्यात दखनीचा लहेजा असलेलं. तिथला शीख मुलगा वर्गात मराठीत भांडतो आणि घरी जाऊन पंजाबी-दखनी बोलतो. शहराचं तोंड हैदराबादकडे. नांदेडचा रेल्वे विभागदेखील दक्षिण मध्य रेल्वेचा, मुख्यालय सिकंदराबाद. लातूर व्यापाऱ्यांचं. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, आणि मधोमध जगदंबेचं देऊळ. तूर, सोयाबीन, अडत, हिशेब. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी 1911 साली लातुरात आली आणि तेव्हापासून या गावाचं तोंड कुर्डुवाडीकडे, म्हणजे पुण्या-मुंबईकडे वळलं ते वळलंच. रेल्वेच्या नकाशातही लातूर मध्य रेल्वेत. नांदेडची माणसं लातूरकरांना हिशेबी म्हणतात, लातूरची माणसं नांदेडकरांना ऐसपैस. दोन्हींत तथ्य आहे.

या दोन शहरांमध्ये ये-जा कुणाची? मुख्यतः विद्यार्थ्यांची. लातूरला शाहू आणि दयानंद कॉलेजांपासून सुरू झालेला ‘लातूर पॅटर्न’ आता ट्यूशन एरियातल्या बहुमजली क्लासेसमध्ये राहायला गेला आहे, आणि नांदेडच्या भाग्यनगर-श्यामनगर भागात त्याचं जुळं भावंड उभं आहे. कुणी नांदेड जिल्ह्यातून लातूरला येतं, कुणी अहमदपूरहून नांदेडला जातं. रूम, मेस, टेस्ट सिरीज, रँक, रिपीटर. सोळा-सतराव्या वर्षी घर सोडलेली ही मुलं. नीटचे 720 गुण आणि त्यातले निम्मे जीवशास्त्राचे, हा त्यांचा धर्म. जीवशास्त्रात प्रजनन संस्था पाठ असते. पण शेजारच्या बाकावरल्या मुलीशी वही मागण्यापलीकडे बोललं तर त्याला ‘डिस्ट्रॅक्शन’ म्हणतात. कित्येक क्लासेसमध्ये मुलामुलींच्या रांगा वेगळ्या, येण्या-जाण्याची दारंही वेगळी. पालकांना हे आवडतं. मला विचाराल तर याचा परिणाम एवढाच होतो, की बोलणं वर्गाऐवजी बसस्टँडवर होतं.

आणि बसस्टँडवर आता मुली खूप आहेत. ही गोष्ट आपण पुरेशी लक्षात घेतलेली नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी या मार्गावरच्या बसमध्ये एकटी तरुण मुलगी दिसली, तर ती नर्स तरी असायची नाहीतर शिक्षिका. मग अहिल्याबाई होळकर योजनेतून ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत मोफत पास मिळाला, मानव विकास मिशनच्या निळ्या बस गावोगाव फिरू लागल्या, आणि 17 मार्च 2023 पासून सगळ्याच महिलांना एस.टी.त निम्मं तिकीट झालं. मुलाला मासिक पास काढायचा तर तिसरा हिस्सा भरावा लागतो. गावातल्या मुलीला तो फुकट. सरकारने मुलींना शाळेत पोचवायला म्हणून बस दिली. बस मुलीला शाळेत पोचवते तशी गावाबाहेरही नेते, आणि गावाबाहेर गेलेली मुलगी गावाबाहेरचा मुलगा पाहते. यात कुणाची चूक नाही.

तरीही या रस्त्यावरची खरी प्रेमकथा एस.टी.च्या कितीतरी आधीची आहे. लोहा सोडलं की माळेगाव लागतं. मार्गशीर्षात तिथे खंडोबाची यात्रा भरते: घोडे, उंट, गाढवं, तमाशाचे फड, वाघ्या-मुरळी, भंडाऱ्याने पिवळी झालेली माणसं. दक्षिणेतल्या मोठ्या यात्रांपैकी एक. बस तिथे रेंगाळते. भाविक चढतात, कपाळ पिवळं, खांद्यावर घोंगडी.

आता या देवाची गोष्ट आठवून पाहा. पहिली बायको म्हाळसा, नेवाशाच्या लिंगायत वाण्याची लेक. दुसरी बाणाई, चंदनपुरीच्या धनगराची. सारीपाटात देव म्हाळसेकडून हरतो आणि ठरलेल्या पैजेपायी बारा वर्षं घराबाहेर पडतो. फिरत फिरत चंदनपुरीला जातो, वेष बदलून धनगराच्या वाड्यावर चाकरीला राहतो. मेंढरं राखतो. मेंढरं धुवायला सांगितली तर दगडावर आपटून मारून टाकतो, आणि मुलीचं लग्न माझ्याशी लावा, मग उठवतो, म्हणून बापाला अडवतो. मेंढरं उठतात, लग्न लागतं, जोडी जेजुरीला येते. तिथे म्हाळसा आणि बाणाईचं जे भांडण जुंपतं ते आजही जागरणात रात्रभर गायलं जातं: तुझ्या अंगाला मेंढरांचा वास, तुझ्या घरी मटण शिजतं, मी सोवळ्याची, तू राना-वनातली. शाकाहारी वाणीण आणि मेंढरांत वाढलेली धनगरीण. उलट स्वभाव, उलट जात, उलट ताट, आणि जुळणी प्रवासात. प्रवासातल्या प्रेमकथेला लागतो तो सगळा ऐवज इथे आहे, वेषांतरासकट.

लातूर-नांदेड पट्ट्यात लिंगायत आणि धनगर दोन्ही समाज मोठे आहेत. दोघेही माळेगावला जातात, एकाच देवापुढे भंडारा उधळतात. त्यांच्यात सोयरीक मात्र होत नाही. कुणी म्हणेल, देवाची गोष्ट वेगळी. असेल. पण देवाला बाणाई करायला परवानगी देणारा हाच समाज होता, आणि त्याने ती गाण्यातून, नाचून, रात्र जागून दिली होती. आपल्याला प्रेमकथेचं वावडं कधीच नव्हतं. कथा रस्त्यावर, देवळात, पडद्यावर असेतो आपण तिला डोक्यावर घेतो. ती आपल्या गल्लीत मुक्कामाला यायची म्हटली की आपले हात वर.

आता जवळून एक दृश्य. विद्यापीठाचा युवक महोत्सव. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 1994 साली 17 सप्टेंबरला, म्हणजे मराठवाडा मुक्तिदिनीच, स्थापन झालं. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे चार जिल्हे त्याच्या पदरात. महोत्सव कुठल्या तरी एका कॉलेजात भरतो आणि चारही जिल्ह्यांतून संघ येतात: एकांकिका, पोवाडा, लावणी, कव्वाली, मूकाभिनय, वासुदेव, भारूड. रात्री निकाल लागून संघ परत निघतात. भाड्याची क्रूझर. मॅडम पुढे ड्रायव्हरजवळ, मुली मधल्या सीटवर, पोरं मागे सामानावर. सामान म्हणजे हलगी, तुणतुणं, पुठ्ठ्याचा राजवाडा, पत्र्याची ट्रंक. एकाची मिशी अर्धी निघालेली, अर्धी गोंदाने चिकटलेली. कुणाच्या तरी पायाखाली वासुदेवाची मोरपिसांची टोपी. ‘सरक की, टोपी दबायलीय,’ इथून बोलणं सुरू होतं.

बोलणारा मुखेड तालुक्यातला, कोरडवाहू शेतीतला, हलगी वाजवणारा. बोलणारी नांदेडच्या वजिराबादेतल्या दुकानदाराची मुलगी, शास्त्रीय नृत्य शिकलेली. अशा जोड्या दरवर्षी प्रत्येक क्रूझरमध्ये असतात, तपशील बदलतात. कॉलेजात तीन वर्षं ही दोघं एकमेकांना ओळखत नसतात. तो मागच्या बाकावरचा, ती पहिल्या. ती त्याला आडदांड समजते, तो तिला नखरेल. आणि आता एकाच एकांकिकेत आठ आठवडे तालीम करून, एकाच मंचावर पडून-उठून, परतीच्या वाटेवर नरसीच्या एखाद्या ढाब्यावर एकाच ताटलीतली भजी खातात. मॅडमना सगळं दिसत असतं. बहुतेक मॅडम डोळे मिटून झोपल्याचं सोंग घेतात. मराठवाड्यातल्या कितीतरी प्रेमांवर या मॅडमांचे उपकार आहेत. नांदेड आलं की ती घराच्या एक गल्ली अलीकडे उतरते. तो उतरत नाही.

सिनेमाने अशा प्रवासाला वेगळं वळण दिलं. ‘जब वी मेट’ मध्ये 2007 साली बडबडी गीत आणि घुमा आदित्य रेल्वेत भेटले, रतलामला गाडी चुकली, आणि मग हॉटेल, टॅक्सी, भटिंडा. पोरापोरींना हे फार आवडलं. पण पूर्णा जंक्शनला रात्री गाडी चुकली तर मुलीला काय मिळतं? वेटिंग रूम, डास, आणि दर दहा मिनिटांनी येणारा भावाचा फोन. मराठीत 2010 साली सतीश राजवाडेंचा ‘मुंबई-पुणे-मुंबई’ आला. मुंबईची मुलगी, पुण्याचा मुलगा, एक दिवस, अनोळखी दोघं. नाव सांगायचं नाही अशी खुबी. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी यांनी तो एक दिवस छान निभावला. पण तिथला विरोध शहरांचा आहे, पुणेरी खोचकपणा आणि मुंबईची धांदल यांचा. स्वभाव जुळला की मिटलं. आमच्याकडे स्वभावाला कोण विचारतं? मुलगा घुमा आहे म्हणून मराठवाड्यात एकही सोयरीक मोडलेली नाही.

मग 2016 चा एप्रिल आला. लातूरची नळयोजना कोरडी पडली होती, पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती, आणि 12 एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे पाच लाख लिटर घेऊन लातुरात पोचली. त्याच महिन्याच्या 29 तारखेला ‘सैराट’ लागला. घागरी घेऊन रांगेत उभी राहणारी पोरं संध्याकाळी थिएटरच्या रांगेत उभी राहिली. नागराज मंजुळेंनी आर्ची-परश्याला करमाळ्याच्या शिवारातून उचलून रेल्वेत बसवलं आणि हैदराबादला उतरवलं. सोलापूरकडच्या पोरांनी पुण्याला न पळता हैदराबादला पळावं, हे मुंबईच्या समीक्षकांना कदाचित नवीन वाटलं असेल. नांदेड-लातूरच्या माणसाला वाटलं नाही. निजामाच्या काळातली जुनी राजधानी, तीच रेल्वे, तिथे आडनाव कुणाला समजत नाही, आणि हातगाड्यावर डोसे घालायला जात विचारत नाहीत. त्या सिनेमात प्रवास प्रेम जुळवत नाही. जुळलेलं वाचवायला तो करावा लागतो. शेवट सगळ्यांना माहीत आहे. पाव्हणे पत्ता शोधत आले, चहा प्याले, आणि आपलं काम करून गेले.

हैदराबादचं अशा प्रेमांशी नातं आणखी जुनं आहे. तिथल्याच एका मुलीची गोष्ट सांगतो. निजाम कॉलेजाशी जोडलेल्या अघोरनाथ चट्टोपाध्याय या बंगाली विद्वानाची मुलगी कोवळ्या वयात निजामाच्या सैन्यातल्या एका तेलुगू डॉक्टरच्या प्रेमात पडली. ती बंगाली ब्राह्मण, तो ब्राह्मणेतर. 1895 साली निजामाच्या शिष्यवृत्तीवर तिला इंग्लंडला पाठवलं गेलं. डॉक्टरपासून लांब राहावी हाही त्यामागचा हेतू होता, असं तिचे चरित्रकार सांगतात. ती शिकली, कविता लिहिल्या, तीन वर्षांनी परतली आणि 2 डिसेंबर 1898 ला मद्रासला त्याच डॉक्टरशी तिने 1872 च्या कायद्याने लग्न केलं. सरोजिनी चट्टोपाध्यायची सरोजिनी नायडू झाली. आजही आपण तेच करतो. पोरीचं काही कुणकुणलं की तिला मामाकडे पुण्याला, नाहीतर थेट कोट्याला धाडतो. अंतराने प्रेम मरतं ही बापांची श्रद्धा फार चिवट आहे.

1872 च्या त्या कायद्याची 1954 साली नवी आवृत्ती निघाली: विशेष विवाह कायदा. धर्म न सोडता, न बदलता, कुणीही कुणाशी लग्न करावं यासाठी केलेला. मुलगा एकवीस, मुलगी अठरा पूर्ण. हेतू उदात्त. पण त्याची कलमं वाचताना एक गोष्ट लक्षात येते, की हा कायदा आधी मुक्काम विचारतो. दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस राहिलेलं असावं. मग लग्नाची नोटीस द्यायची. ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात सहज दिसेल अशा जागी लावली जाते, आणि पुढचे तीस दिवस कुणीही हरकत घेऊ शकतो. हरकत आली तर अधिकाऱ्याला निर्णयासाठी आणखी तीस दिवस. लग्नाला तीन साक्षीदार. आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही, तर पुन्हा पहिल्यापासून.

यातली सगळ्यांत बोचरी तरतूद सहाव्या कलमात आहे. नोटीस देणारा त्या जिल्ह्याचा कायमचा रहिवासी नसेल, तर नोटिशीची एक प्रत त्याच्या मूळ जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथेही फलकावर लागते. म्हणजे उदगीरची मुलगी आणि नांदेडच्या देगलूर नाक्यावरचा मुलगा पुण्याला गेले, नोकरी धरली, खोली घेतली, महिनाभर राहिले, अर्ज केला. आणि त्यांची नावं, वय, पत्ता परत लातूर आणि नांदेडच्या भिंतींवर येऊन डकवले गेले. त्या फलकाजवळून जमिनीच्या खरेदीखतासाठी आलेलं अर्धं गाव जातं. कायद्याला वाईट काही करायचं नव्हतं. पहिलं लग्न लपवून दुसरं करणाऱ्यांना अडवायचं, एवढाच त्याचा बेत. पण हरकत घ्यायला कायद्यात जी कारणं चालतात त्यांत ‘आमच्या इज्जतीचं काय’ हे कुठेच नाही, आणि फलक वाचणारा बहुधा त्याच एका कारणाने वाचत असतो. अलाहाबाद उच्च न्यायालयाने 2021 च्या जानेवारीत सांगितलं, की नोटीस जाहीर करायची की नाही हे जोडप्याच्या मर्जीवर असावं. निकाल तिकडचा, फलक इकडचा.

जात वेगळी पण दोघं हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असतील, तर 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने लग्न होतं आणि तिथे नोटिशीची भानगड नाही. म्हणून पनवेल गाडीने पुणे आणि पुण्याहून आळंदी हा मार्ग या भागातल्या पोरांना पाठ आहे. कागदपत्रं, दोन हार, भटजी, फोटो, संध्याकाळच्या आत मोकळे. आळंदी या कामासाठी इतकी प्रसिद्ध झाली आहे, की ‘ते दोघं आळंदीला गेले’ म्हटलं तर दर्शनाला गेले असं आता कुणी समजत नाही. तसं पाहिलं तर आळंदीला ही परंपरा शोभते. मराठवाड्यातल्या आपेगावचे विठ्ठलपंतही तीर्थयात्रा करत करत आळंदीला आले होते आणि तिथल्या सिधोपंतांचे जावई झाले. पुढे संन्यास घेऊन संसारात परतलेल्या विठ्ठलपंतांना, त्यांच्या बायकोला आणि चार लेकरांना त्याच गावाने वाळीत टाकलं. त्या लेकरांपैकी एकाची पालखी आज लाखो लोक वाहतात.

आंतरजातीय लग्नाला राज्य सरकार पन्नास हजार रुपये देतं. दोघांपैकी एक अनुसूचित जाती-जमातीचा किंवा भटक्या-विमुक्तांपैकी असला तर. योजना 1958 पासूनची आहे. हिंदू-मुसलमान अशा आंतरधर्मीय लग्नाला मात्र पैसे नाहीत. आंतरधर्मीय लग्नांसाठी डिसेंबर 2022 मध्ये शासनाने एक समन्वय समिती नेमली, जी अशा लग्नांची माहिती गोळा करणार होती. एका हाताने बक्षीस, दुसऱ्या हाताने नोंदवही. अशाने कुठलं जोडपं आपणहून सरकारी दारात जाईल?

2023 च्या जानेवारीत नांदेड जिल्ह्यातल्या एका गावात होमिओपॅथीच्या तिसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या मुलीचा खून झाला. अटक झाली ती वडील, भाऊ आणि जवळच्या नातेवाइकांना. डॉक्टर व्हायला दोन-तीन वर्षं राहिली होती. लेक शिकावी म्हणून ज्या घराने फी भरली, पुस्तकं घेतली, त्याच घरावर हा आरोप आहे. हे सैराटमध्ये दाखवलेलं नाही, हे आपल्या शिवारात घडलेलं आहे. आणि ‘मराठवाडा फार मागास’ असं म्हणून पुण्या-मुंबईच्या वाचकाने सुटका करून घेऊ नये. नोटीस फलकावर लावणारा कायदा दिल्लीत झाला आहे आणि तो दादरलाही तसाच लागू आहे.

सर्वोच्च न्यायालयाने 27 मार्च 2018 ला, शक्तिवाहिनी या संस्थेच्या याचिकेवर, स्पष्ट आदेश दिलेले आहेत. प्रत्येक जिल्ह्यात अशा जोडप्यांसाठी विशेष कक्ष, चोवीस तास चालणारी हेल्पलाइन, आणि सुरक्षित निवारा. निवाऱ्यात नाममात्र खर्चात आधी एक महिना, गरज पडली तर महिन्या-महिन्याने वाढवत वर्षापर्यंत राहता यावं, असंही त्यात म्हटलं आहे. म्हणजे कायदा मागतो ते तीस दिवस कुठे काढायचे, याचं उत्तर न्यायालयाने देऊन ठेवलं आहे. शिवाय 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, फुकट वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा. लातूरला आहे, नांदेडलाही आहे. या सगळ्याची खबर ज्यांना हवी त्यांनाच नसते. आळंदीचा पत्ता बारावीतल्या पोराला माहीत असतो, विशेष कक्षाचा नसतो.

या दिवाळीत पोरं घरी येतील. काहींच्या मोबाइलमध्ये एक नंबर भलत्याच नावाने सेव्ह असेल, ‘सुनील मेस’ किंवा ‘झेरॉक्स ताई’ अशा. भाऊबीज झाली की परतीच्या एस.टी.ला गर्दी होईल, कंडक्टर ‘मागं सरका, मागं सरका’ ओरडतील, आणि त्या गर्दीत कुणीतरी कुणाशी बोलायला लागेल. ते थांबवणं कुणाच्या हातात नाही, आणि असूही नये.

दोन कामं मात्र हातात आहेत. मूळ जिल्ह्यात नोटीस डकवण्याची तरतूद काढून टाका, ही मागणी इथल्या आमदार-खासदारांनी एकदा तरी विधिमंडळात आणि संसदेत लावून धरावी. त्यांनी ‘वेड’ पाहिलाच असेल. आणि लातूर, नांदेड, अहमदपूर, उदगीर, लोहा, मुखेड या सगळ्या बसस्थानकांवर, गाड्यांच्या वेळापत्रकाशेजारी, जिल्ह्याच्या विशेष कक्षाचा आणि विधी सेवा प्राधिकरणाचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्यावा. पाचशे रुपयांत पेंटर मिळतो.